प्रस्तावना : चाळीस गुंठे पाणी

या पुस्तकात मोठ्या सरोवरांविषयी काहीही नाही. बोट नाही, पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र नाही, स्पर्धा नाहीत. अमेरिकेत बास या माशावर जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक बोटीत बसून, मैलोन्‌मैल पसरलेल्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांनी लिहिलं आहे. माझा विषय घरामागचं तळं. वसाहतीतलं, उद्यानातलं, एखाद्या जुन्या शेतातलं. एक एकर, दोन एकर, फार तर चार. एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे. दहा मिनिटांत ज्याला चालत फेरी घालून होते अशा पाण्याच्या काठावर उभं राहून तंगूसाच्या टोकाला काय बांधायचं, एवढ्याच प्रश्नावर हे पुस्तक आहे.

‘ल्युअर’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे. लाकूड, धातू, प्लॅस्टिक, पिसं, रबर यांचं घडवलेलं खोटं आमिष म्हणजे ल्युअर. काठावर आम्ही मराठीत बोलतानाही ल्युअरच म्हणतो. गळ, आमिष, तंगूस, गरवणं हे शब्द मात्र आपले आहेत आणि ते मी जपून वापरले आहेत. न्यू जर्सीत जन्मलेल्या एका मुलीनं ‘तंगूस’ हा शब्द माझ्याकडून उचलला आणि आता ती दुकानातही मोठ्यानं तोच म्हणते. एवढ्यासाठीसुद्धा हे पुस्तक मराठीत लिहायला हवं होतं.

लिहायला निमित्त झालं ते आमच्या मराठी मंडळातल्या मुलांचं. दोन उन्हाळे आम्ही शनिवारी सकाळी पंधरा-वीस मुलं आणि त्यांचे आईबाबा असे तळ्याकाठी जमलो. पालक उत्साहानं दुकानात जाऊन आले होते. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात एक अख्खी भिंत ल्युअरांची असते. रंग शेकडो, आकार डझनावारी, आणि प्रत्येक पाकिटावर उडी मारणाऱ्या माशाचं चित्र. साठ-सत्तर ल्युअर भरलेल्या पेट्या घेऊन मुलं आली. दर पाच मिनिटांनी ती ल्युअर बदलत, आणि पाण्याकडे पाहण्याऐवजी पेटीत पाहत. दुपारपर्यंत ज्यांना मासे लागले, त्या तिघांकडे एकेकच ल्युअर होतं. तेव्हापासून मला एक गोष्ट नीट मांडून सांगायची आहे. लहान तळ्यात ल्युअरची निवड पेटीतून होत नाही. ती तळ्याकडून होते. तळं कसं झालं, त्यात मासा काय खातो, कुठे श्वास घेऊ शकतो, त्यानं याआधी काय पाहिलं आहे, हे कळलं की पेटीतली नव्वद टक्के ल्युअर आपोआप बाद होतात.

म्हणून सुरुवात तळ्यापासूनच करतो.

ही तळी बहुतेक माणसानं केलेली आहेत. 1930च्या दशकात अमेरिकेच्या मध्यातल्या मैदानांवर सलग दुष्काळ पडला आणि नांगरून उघडी टाकलेली माती वाऱ्यानं उडून गेली. 1935 साली तिथल्या सरकारनं मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. ओघळीवर मातीचा बांध घालायचा, वाहून जाणारं पाणी आणि माती अडवायची, जनावरांना पाणी होईल आणि त्यात मासेही होतील, हा विचार पुढच्या काही दशकांत गावोगावी पोचला आणि शेतकऱ्यांनी हजारोंनी तळी बांधली. शेततळं, पाझर तलाव, बांधबंदिस्ती हे शब्द ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटायचं कारण नाही. बांध तोच, सांडवा तोच.

या तळ्यांत मासे कोणते आणि किती सोडायचे, याचं शास्त्र मुख्यतः अलाबामातल्या ऑबर्न इथल्या शेतकी महाविद्यालयात उभं राहिलं. होमर स्विंगल हे त्यामागचं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी तळी केली, त्यांत वेगवेगळ्या प्रमाणात मासे सोडले, नंतर तळी रिकामी करून मासा न्‌ मासा मोजला आणि तोलला. 1950 साली त्यांनी मांडलेला ‘समतोल तळ्या’चा विचार आजही वापरात आहे. खत घातलेल्या तळ्यात एकरी हजार ब्लूगिल आणि शंभर लार्जमाउथ बास, हे प्रमाण त्याच घराण्यातलं. ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा, भरपूर अंडी घालणारा मासा. तो किडे खातो, बास त्याला खातो, माणूस दोघांना खातो. तिघांपैकी कुणी आपलं काम सोडलं की तोल जातो.

ल्युअर निवडायला या जुन्या हिशेबाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग याचाच आहे. मोठ्या सरोवरात बासला दहा प्रकारचं खाणं मिळतं. चंदेरी माशांचे थवे, खेकड्यासारखी क्रेफिश, वर्षाच्या वेळेप्रमाणे आणखी काही. लहान तळ्यात ताट ठरलेलं असतं: ब्लूगिलची पिलं, बेडूक, बेडूकमासे, पाण्यातले किडे, पावसानं वाहून आलेली गांडुळं. त्या ताटात जे नाही ते फेकून बास फसेलही, पण रोज फसणार नाही. आणखी एक. तळ्यातून कुणीच मासे नेत नसेल तर बासची गर्दी होते. सगळे बास पंचवीस-तीस सेंटिमीटरचे, डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं, आणि ब्लूगिल मात्र थोडे पण मोठे. पहिले चार मासे असे निघाले की समजावं, हे उपाशी तळं आहे. इथे सात सेंटिमीटरचं लहान मऊ ल्युअर हातभर ल्युअरपेक्षा कितीतरी चांगलं चालतं. उलट ब्लूगिलची बारीक पिलं किनाऱ्याला गच्च भरली असतील आणि बास मोजकेच पण जाडजूड निघत असतील, तर ल्युअर मोठं करायला हरकत नाही. म्हणजे पहिला पकडलेला मासा हाच दुसऱ्या माशासाठीचा सल्लागार. त्याला पाण्यात सोडण्याआधी त्याचं पोट पाहा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतात ती तळी मात्र शेतातली नव्हेत. गेल्या काही दशकांत उपनगरं वाढली, छपरं आणि डांबर वाढलं, पावसाचं पाणी एकदम ओढ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक नव्या वसाहतीत ते साठवणारं तळं खोदलं गेलं. मध्य न्यू जर्सीत, शिकागोच्या बाहेर, डॅलसच्या उत्तरेला, नॉर्थ कॅरोलायनात, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथे तिथे असं तळं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं. आकार साधा, तळ सपाट, एका बाजूला पाणी आत आणणारा सिमेंटचा नळ आणि त्याखाली टाकलेले दगड, दुसऱ्या बाजूला जास्तीचं पाणी घेऊन जाणारा उभा मनोरा. दोन्ही जागा लक्षात ठेवा. ओबडधोबड काहीच नसलेल्या तळ्यात बासला अंग चोरून उभं राहायला याच दोन जागा असतात. पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासात नळाच्या तोंडाशी जे वाहून येतं, त्यासाठी तो तिथे तोंड करून उभा असतो.

आता मासा. बास हे नाव ढिलाईनं पडलेलं आहे. लार्जमाउथ बास हा खऱ्या बासच्या कुळातला नाही, तो ब्लूगिलच्याच कुळातला, सनफिशांच्या घरातला. म्हणजे तळ्यात तो जे खातो ती त्याचीच भावकी. शास्त्रीय नावाचीही कथा आहे. 1802 साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्यापुढे या घराण्यातल्या स्मॉलमाउथ बासचा जो नमुना होता, त्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. तुटून सुटलेला तुकडा पाहून त्यांना वाटलं, या माशाला एक लहानसा वेगळा पर असतो. म्हणून ‘लहान पराचा’ या अर्थाचं मायक्रोप्टेरस हे नाव दिलं गेलं, आणि ते कायम राहिलं.

आमच्या गावाकडच्या माणसाला बास समजावून सांगायचा तर मी मरळीचं नाव घेतो. कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठी माझं लहानपण गेलं. चुलते डोहाच्या कडेला गवतात मरळ धरायचे. गळाला बेडूक लावून तो पाणवनस्पतींवरून नुसता टिपटिप नाचवायचा, आणि खालून पाणी फुटून मरळ वर आली की लगेच ओढायचं नाही, मनात तीन आकडे मोजायचे. पन्नास वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कमळाच्या पानांवरून पोकळ रबरी बेडूक ओढताना मी तेच तीन आकडे मोजतो. दोन्ही मासे दबा धरणारे. दोन्ही पाठलागापेक्षा एका झेपेवर विश्वास ठेवणारे. दोन्ही पिलांची राखण करणारे: पावसाळ्यात मरळीसोबत लालसर पिलांचा घोळका फिरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वसंतात घरट्यावर पहारा देणारा नर बास लगेच ओळखू येईल.

फरक एकच, पण तो ल्युअरच्या निवडीत फार मोठा आहे. मरळ वर येऊन हवा घेते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ती चिखलात तग धरते. बासला ते जमत नाही. उन्हाळ्यात लहान तळ्याचं पाणी दोन थरांत वाटलं जातं. वर कोमट, खाली गार. खालच्या थरात कुजणारं शेवाळ प्राणवायू खाऊन टाकतं. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याच्या मध्यावर, सर्वांत खोल जागी, तळाशी सोडलेलं ल्युअर रिकाम्या खोलीत हाक मारल्यासारखं असतं. दुकानदार खोल जाणारं ल्युअर विकतो, कारण मोठ्या सरोवरांत उन्हाळ्यात मासा खोल जातो. आपल्या तळ्यात तो खोल जाऊच शकत नाही. तो काठाच्या सावलीत, पाणकणसाच्या बुंध्याशी, शेवाळाच्या छताखाली असतो. पुष्कळदा आपल्या बुटांपासून दोन-तीन हातांवर. म्हणूनच मुलांना माझा पहिला नियम असतो की काठापासून दहा पावलं मागे थांबायचं आणि पहिली फेक काठाला समांतर टाकायची.

आणि मग स्वभावाचा आणि आठवणीचा प्रश्न. मोठ्या पाण्यात माशांना अनोळखी राहता येतं, लहान तळ्यात नाही. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तलावात 1970च्या दशकापासून एक लांबलचक प्रयोग झाला. तिथे पकडलेला प्रत्येक बास खूण करून परत सोडत. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागत, काही एकदाही लागले नाहीत. संशोधकांनी सहज लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची वेगवेगळी वीण वाढवली, आणि पिढ्यांमागून पिढ्या दोन्ही गटांतलं अंतर वाढत गेलं. गळाला लागण्याची प्रवृत्ती आईबापांकडून पिलांत उतरते, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आहे. हे वाचल्यावर घरामागच्या तळ्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली. त्या पाण्यात पन्नास-साठ मोठे बास असतील, तर त्यातले भोळे आधीच कुणीतरी घरी नेलेले असतात. उरलेल्यांनी चकाकणारं, खुळखुळणारं सगळं पाहिलेलं असतं. माझा स्वतःचा अनुभवही हाच: नव्या तळ्यात फिरत्या पात्याचं ल्युअर पहिल्या आठवड्यात धमाल उडवतं, तिसऱ्या आठवड्यात मासे त्याच्यामागे येतात आणि परत फिरतात. मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ मात्र मोसमभर चालतं.

या गांडुळाविषयी थोडं थांबून लिहितो, कारण माझ्या मते लहान तळ्याच्या मासेमारीत त्याच्या तोडीचा शोध दुसरा नाही. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम या कारागिरानं घरातच साचा करून, मऊ प्लॅस्टिक ओतून, हुबेहूब गांडुळासारखं ल्युअर तयार केलं. अ‍ॅक्रन हे टायरांचं शहर. रबर आणि साचे हे तिथल्या हवेतच होते. त्याआधीची ल्युअर बहुतेक लाकडाची किंवा धातूची, कडक. माशाच्या तोंडाला कडकपणा लागला की तो क्षणात थुंकून टाकतो. मऊ गांडूळ तो धरून ठेवतो, आणि गळ रोवायला माणसाला तो एक-दोन सेकंदांचा अवधी मिळतो. पुढे टेक्सासच्या झाडाझुडपांनी भरलेल्या जलाशयांत लोकांनी गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवायची युक्ती काढली. शेवाळात न अडकणारं ल्युअर मिळालं ते असं. ज्या तळ्यात पाच फेकांपैकी चार शेवाळ घेऊन येतात तिथे या युक्तीची किंमत कळते.

त्यानंतरची मोठी पायरी गॅरी यामामोतो यांची. जपानी वंशाच्या या अमेरिकन मासेमारानं 1990च्या दशकात सेन्को नावाची एक मऊ काडी बाजारात आणली. ना शेपटी, ना पाय, ना डोळे. दिसायला बोटाएवढी जाड पेन्सिल. गंमत तिच्या अंगातल्या मिठात आहे. प्लॅस्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळल्यानं ती जड होते आणि वेगळं शिसं न लावता बुडते. मधोमध गळ टोचून पाण्यात टाकली की दोन्ही टोकं हलकेच थरथरत ती आडवी खाली जाते. माणसानं काहीही करायचं नाही. तंगूस ढिला ठेवायचा आणि तो बाजूला सरकतो का ते पाहायचं. ज्या माशानं सगळे तमाशे पाहिले आहेत त्याला हे काहीच न करणारं ल्युअर फसवतं. एका एकराच्या तळ्यासाठी मला एकच ल्युअर नेता येणार असेल तर मी हीच काडी नेईन. बारा-तेरा सेंटिमीटर लांब, हिरवट-तपकिरी. या पुस्तकाची जवळजवळ एक तृतीयांश पानं तिला दिली आहेत आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

लाकडी ल्युअरचा उगमही एका लहान तळ्याशीच जोडलेला सांगतात. मिशिगनमधल्या डवॉजॅक गावात जेम्स हेडन नावाचे मधमाशीपालक आणि वृत्तपत्रकार राहत. गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत असताना हातातली काठी चाकूनं तासून त्यांनी तो तुकडा पाण्यात भिरकावला, आणि खालून एका बासनं त्यावर झडप घातली, अशी कथा आहे. कथा किती खरी हे बाजूला ठेवू. 1898च्या सुमाराला त्यांनी कोरलेले लाकडी बेडूक आजही जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतूनच ल्युअर बनवणारा एक मोठा कारखाना उभा राहिला. मला या कथेत आवडतो तो क्रम. आधी मासा उठला, मग ल्युअर झालं.

बाकीच्यांना मी थोडक्यात जागा दिली आहे. पोकळ बेडूक शेवाळाच्या छतासाठी. त्याला पर्याय नाही. पाण्यावर ‘बुडूक’ असा आवाज करणारं लहान पॉपर मे-जूनमधल्या पहाटे आणि सांजेसाठी, पाणी निश्चल असेल तेव्हा. पाऊस पडून पाणी गढूळ झालं की सात ग्रॅमचं, फिरत्या गोल पात्याचं स्पिनरबेट, कारण तेव्हा बास डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदी रेषेनं थरथर ओळखतो. थंडीत, पाणी दहा अंशांखाली उतरलं की, दोन-तीन ग्रॅमच्या शिशाच्या गोल डोक्याच्या गळाला लावलेला मऊ प्लॅस्टिकचा बोटभर तुकडा, आणि भरपूर धीर. मऊ काडी धरून पाच ल्युअर झाली. तीन-तीन गळांचे दोन झुबके असलेली कडक प्लॅस्टिकची ल्युअर मी मुद्दाम वगळली आहेत. लहान तळ्यात ती शेवाळ गोळा करतात, माशाच्या गालात आणि डोळ्यात शिरतात, आणि मुलांच्या बोटांतही. एका शनिवारी आठ वर्षांच्या मुलाच्या कानातून असा गळ काढायला दवाखान्यात जावं लागलं. त्या दिवसापासून आमच्या शनिवारच्या शिबिरात या ल्युअरांना बंदी आहे.

रंगांविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात आणि रंगांवर सर्वांत जास्त पैसे घालवतात. म्हणून इथेच सांगून टाकतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बासच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या अशा दोनच प्रकारच्या रंगपेशी आढळल्या. लाल रंग ते फार चांगला ओळखायला शिकले. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच गडद निळा आणि काळा यांत त्यांचा गोंधळ होत होता. दुकानात काळ्या-निळ्याच्या ज्या बारा छटा टांगलेल्या असतात त्या माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत. स्वच्छ पाण्याला हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्याला आणि रात्रीला काळा, आणि स्पिनरबेटला पांढरा. माझ्या पेटीत एवढेच तीन रंग असतात.

एक संध्याकाळ मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. जुलै होता, उकाडा प्रचंड. अकरा वर्षांचा एक मुलगा आणि मी तळ्यावर दोघंच. त्यानं पेटी उघडायला हात घातला तेव्हा मी म्हटलं, ‘‘अरे, आधी नुसतं बघू या.’’ आम्ही गवतावर बसलो. पाणकणसाच्या कडेनं निळे चतुर पाण्यावर उतरत होते, उठत होते. दहा मिनिटांनी एक बास पूर्ण पाण्याबाहेर आला आणि चतुर उचलून घेऊन गेला. मग तिथेच, हातभर अंतरावर, दुसरा. मुलगा कुजबुजला, ‘‘काका, आपल्याकडे चतुर नाहीये.’’ नव्हताच. आम्ही काळ्या मऊ काडीचा अर्धा तुकडा तोडला, बारीक गळाला लावला, शिसं काही नाही, आणि चतुर बसत होते त्या कणसाच्या पात्यावर टाकून हळूच पाण्यात पाडला. पहिल्यांदा मासा आला आणि चुकला. दुसऱ्यांदा आम्हीच घाईनं ओढलं. तिसऱ्यांदा तंगूस बाजूला सरकला. मासा दीड पौंडाचा होता, मोठा मुळीच नव्हे. पण त्या मुलानं त्यानंतर आजवर पेटी उघडून सुरुवात केलेली मी पाहिलेली नाही. आधी बसतो, बघतो, मग बांधतो. या पुस्तकातलं ‘बघणं’ हे दुसरं प्रकरण त्याच्याशी बोलत बोलतच तयार झालं.

मोठा मासा लहान पाण्यात नसतो, असं कुणी म्हणालं तर त्याला जॉर्ज पेरींची गोष्ट सांगावी. 2 जून 1932, जॉर्जिया राज्य, मंदीचे दिवस. पेरी हा शेतावर राबणारा विशीतला तरुण. ओकमल्गी नदीनं वळण सोडल्यामुळे मागे राहिलेल्या माँटगोमेरी लेक नावाच्या डबक्यावजा पाण्यात त्यानं 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास पकडला. त्याच्याकडे आणि मित्राकडे मिळून एकच रॉड होता आणि ल्युअरही एकच, असं सांगितलं जातं. मासा घरी नेऊन कुटुंबानं खाल्ला. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच वजनाच्या काही ग्रॅम पुढचा मासा पकडला. नियमानुसार तो पेरींचा जागतिक विक्रम मोडणारा न ठरता बरोबरीचा ठरला. पेरींचं नाव नव्वदहून अधिक वर्षं यादीत टिकून आहे.

जपानचा उल्लेख आलाच आहे तर एक काळजीची गोष्ट. बास जपानचा नाही. 1925 साली तो अमेरिकेतून नेऊन आशी सरोवरात सोडला गेला, तिथून माणसांच्या हातांनी देशभर पसरला, आणि स्थानिक लहान माशांची त्यानं इतकी हानी केली की 2005 साली त्याला घातक परदेशी प्रजातींच्या कायद्याखाली आणावं लागलं. हे वाचून कुणा वाचकाला गावाकडच्या शेततळ्यात बास सोडण्याची कल्पना सुचली, तर कृपा करून ती मनातून काढून टाका. तिथे आपली मरळ आहे. बेडकाचं ल्युअर तिच्यासाठी न्या. तिला ते कळतं.

कायद्याचं थोडं. मासेमारीचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. न्यू जर्सीत 16 ते 69 या वयाच्या माणसाला गोड्या पाण्यासाठी तो लागतो, मुलांना लागत नाही. वसंतातले काही आठवडे तिथे पकडलेला बास तिथल्या तिथे सोडावाच लागतो, कारण पाणी पंधरा-अठरा अंशांवर आलं की नर घरट्यावर असतो, आणि त्याला उचललं की ब्लूगिल काही मिनिटांत अंडी फस्त करतात. नियम दरवर्षी तपासा. तळं वसाहतीच्या मालकीचं असेल तर विचारल्याशिवाय उतरू नका. परवान्याचे पैसे अंगावर येतात असं वाटणाऱ्यांसाठी एक माहिती: 1950च्या संघीय कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावरच्या कराचा पैसा राज्यांना मासे वाढवण्यासाठी आणि पाणी राखण्यासाठी परत मिळतो. आपण घेतलेल्या प्रत्येक ल्युअरमध्ये त्या तळ्याचा थोडा वाटा आधीच भरलेला असतो.

या पुस्तकासाठी मंडळातल्या आईबाबांनी छायाचित्रं काढली, मुलांनी चित्रं काढली, आणि एका शेजारी आजोबांनी, जे जन्मभर या भागात मासे धरत आले, माझं प्रत्येक प्रकरण ऐकून घेऊन जिथे चुकलो तिथे थांबवलं. त्यांना मराठी येत नाही. मी वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगत असे. या सर्वांचा मी ऋणी आहे.

वाचकांना एक विनंती आहे. मासा धरण्याआधी हात ओले करा, त्याला गवतावर ठेवू नका, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या. फाटलेली प्लॅस्टिकची गांडुळं पाण्यात टाकू नका; मासे ती गिळतात आणि ती पोटात राहतात. आणि तुटलेला तंगूस, मग तो आपला असो की आधी येऊन गेलेल्या कुणाचा, गुंडाळून खिशात घाला आणि घरी न्या. गेल्या मे महिन्यात आमच्या तळ्यावरच्या एका हंसाच्या पायाला तो इतका घट्ट आवळला होता की कात्रीनं कापून काढायला तिघांना अर्धा तास लागला.